दुहेरी बाबागाडी घ्यावी की न घ्यावी

थोरले मूल अद्याप दोन वर्षांचेही झालेले नसताना घरात धाकट्याची चाहूल लागली, म्हणजे माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याच्या कड्या तपासणे, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवावयास घेणे आणि डिंक-अळिवाची तजवीज करणे ही कामे जशी घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या हातून आपोआप सुरू होतात, तशीच अलीकडे तरुण मंडळींच्या हातून आणखी एका वस्तूची चौकशी सुरू होते. ती वस्तू म्हणजे दोन बैठकींची बाबागाडी. दुकानदार तिला ‘डबल स्ट्रोलर’ म्हणतात, आणि पुण्याला किंवा परदेशी राहणाऱ्या एखाद्या नणंदेने वा मावसबहिणीने तिचे छायाचित्र पाठविले, की ती आपल्याही घरी असावी असे वाटू लागते. ह्या वाटण्यात गैर काही नाही. परंतु ही वस्तू महाग आहे, अवजड आहे, आणि एकदा घरात आली की ओसरीचा मोठा भाग अडवून बसते. म्हणून ती मागविण्यापूर्वी तिच्या गरजेची नीट चौकशी व्हावी, आणि ती चौकशी बारामतीच्या परिसरातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावाच्या मातीवर उभे राहून व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुले दोन आहेत म्हणून बैठकी दोन हव्यात, हा हिशेब वरवर सरळ दिसला तरी खरा नाही. गाडीची गरज मुलांच्या संख्येवरून ठरत नाही; ती ठरते एका विशिष्ट प्रसंगावरून. एकट्या मोठ्या माणसाला, दोन्ही मुले बरोबर घेऊन, थोरल्याच्या पायांना न पेलणारे अंतर, चाके नीट फिरतील अशा रस्त्यावरून, पायी जावयाचे असते, तेव्हाच दुहेरी गाडी आपले मोल वसूल करते. ह्या अटींपैकी एकही गळाली, म्हणजे बरोबर दुसरे माणूस असले, किंवा अंतर थोडके असले, किंवा रस्ता चाकांच्या लायकीचा नसला, किंवा प्रवास एसटीचा असला, तर ह्याहून स्वस्त आणि सुटसुटीत उपाय पुरतो. तेव्हा वाचकांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा, की सर्व अटी एकाच वेळी पुऱ्या होतील असे प्रसंग आपल्या घरी आठवड्यातून किती वेळा येतात.

बाबागाडीचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते, की तिचे प्रत्येक रूप एका विशिष्ट रस्त्यासाठी जन्मास आले. १७३३ साली विल्यम केंट ह्या इंग्रज वास्तुकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची जी गाडी घडविली, ती शेळीने किंवा लहानशा तट्टाने ओढावयाची होती, आणि तिची धाव उद्यानातल्या आखीव वाटांपुरतीच होती. एकोणिसाव्या शतकात शहरांतून फरसबंद पदपथ झाले, तेव्हा मागून ढकलावयाच्या उंच चाकांच्या गाड्या आल्या, आणि श्रीमंतांच्या घरी त्या ढकलावयाला दाया होत्या. पुढे १९६५ साली ओवेन मॅक्लारेन ह्या निवृत्त अभियंत्याने, ज्याने पूर्वी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचे काम केले होते, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, मिटवून काखेत मारता येईल अशी गाडी तयार केली. तिचे वजन तीन किलोंच्या आत होते, कारण ती उचलून मोटारीत वा विमानात टाकावयाची होती. आपल्याकडील कडेवर घेणे, पाठुंगळीस मारणे, खांद्यावर बसविणे आणि झोळी बांधणे ह्या रीतीही अशाच आपल्या पायवाटांतून, बांधांवरून आणि ओढ्याच्या उतारांतून घडल्या. त्यांना मागासलेपणाच्या खुणा समजण्याचे कारण नाही. आजही ऊसतोडीच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्यांतील माता फडाच्या कडेला फांदीला झोळी बांधून कोयता हाती घेतात, आणि तेथे उणीव चाकांची नसते, मूल सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची असते. त्या उणिवेपायी सात-आठ वर्षांच्या कितीतरी मुलींची शाळा धाकट्या भावंडाच्या झोळीपाशी बुडते. चाके आणि हात ह्यांची गल्लत करू नये, हे ह्या उदाहरणावरून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कशानेही दिसत नाही.

आता कोऱ्हाळ्याच्या रस्त्यांचा विचार करू. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यातले हे गाव, आणि निरा-बारामती रस्ता ही त्याची मुख्य वाहती वाट. कार्तिकापासून फाल्गुन-चैत्रापर्यंत, साखर कारखान्याचे धुराडे पेटलेले असते तोवर, सोमेश्वरनगरच्या दिशेने उसाने शिगोशीग भरलेल्या जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या ह्यांची रीघ ह्या बाजूच्या रस्त्यांवर लागते. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी वाढे बाहेर लोंबत असतात, आणि समोरून दुसरे वाहन आले की पायी चालणाऱ्याने उतरावयाचे ते मुरुमाच्या साइडपट्टीवर. अशा ठिकाणी पाऊण मीटर रुंदीची गाडी ढकलीत नेणे ह्याला मी धाडस म्हणेन, सोय म्हणणार नाही. गावठाणातल्या काँक्रीटच्या गल्लीत चाके बरी फिरतात, हे मान्य. परंतु तेथे अंतरच इतके थोडके असते, की चालू लागलेले मूल बोट धरून सहज येते. वस्तीवर राहणाऱ्यांची अडचण निराळी. मळ्यातून गावात येणारी पाणंद उन्हाळ्यात फुफाट्याची आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रेंद्याची. स्वस्त दुहेरी गाड्यांची पुढची चाके लहान आणि गरगर फिरणारी असतात, त्यांत ही माती एकदा बसली, की ती जागच्या जागी अडकतात आणि मग गाडी, दोन मुले आणि हातातली पिशवी अशी सारीच वाहून न्यावी लागतात. कालव्याच्या भरावावरील वाटेवर तर कोणतीही बाबागाडी नेऊ नये. उतार पाण्याकडे असतो, आणि एखादे वेळी ब्रेक लावावयाचा राहिला तर पुढचे सांगावयास नको.

एवढ्यावरून गाडी नकोच असा निकाल देऊन मोकळे व्हावे, असा माझा आग्रह नाही. प्रत्येक घराचा जमाखर्च वेगळा. म्हणून एक साधी तजवीज सुचवितो. बाळंतपणाला दोन-तीन महिने अवकाश असतानाच एक वही घ्यावी आणि आठ दिवस रोज रात्री तीत नोंद करावी, की आज थोरल्याला घेऊन कोण, कोठे, कशाने गेले. बरोबर दुसरे कोणी होते काय. हातात ओझे काय होते. आणि त्याच फेरीत एक तान्हे मूलही बरोबर असते तर नेमके काय अडले असते. शेवटला रकाना सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक घरांत ह्या रकान्यात ‘सासूबाईंजवळ ठेवले असते’, ‘ह्यांनी कडेवर घेतले असते’, ‘गेलेच नसते’ अशीच उत्तरे येतात. आणि ‘गाडी असती तर बरे झाले असते’ हे उत्तर आठ दिवसांत दोन-तीनदा तरी आले, तरच पुढे वाचण्याचे श्रम घ्यावेत, असे म्हणण्याचा मोह होतो.

ह्या नोंदींत सहसा कोणत्या फेऱ्या सापडतील? परदेशांतून किंवा मोठ्या शहरांतून दुहेरी गाडीचे जे माहात्म्य ऐकू येते, त्याच्या मुळाशी बहुधा एकच फेरी असते: थोरल्याला रोज सकाळी बालशाळेत पोचविणे आणि दुपारी आणणे, आणि त्या वेळी तान्ह्याला घरी ठेवावयास कोणी नसणे. आपल्याकडे अंगणवाडीचा वर्ग तीन वर्षांनंतरच्या मुलांचा. म्हणजे दोन मुलांत दीड-दोन वर्षांचे अंतर असेल, तर धाकट्याच्या पहिल्या वर्षात थोरल्याला रोज पोचविण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. आणि अंतर तीन वर्षांचे असेल, तर थोरले स्वतःच्या पायांनी चालत जाते. दुसरी फेरी लसीकरणाची. धाकट्याच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी येतात, आणि थोरल्याचा बूस्टर व गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान येतो. तेव्हा दीड वर्षाचे अंतर असल्यास दोघांची सुई एकाच सत्राच्या दिवशी पडू शकते. आशाताईंना आधी सांगून तसे जमवून घ्यावे. दोन फेऱ्यांची एक होते. मात्र त्या फेरीला बरोबर दुसरे माणूस न्यावे, गाडी असो वा नसो, कारण सुई टोचल्यावर दोघेही एकाच वेळी कडेवर यावयाचे म्हणतात, आणि त्या क्षणी कोणत्याही बैठकीचा उपयोग होत नाही.

तिसरी फेरी बारामतीची. एसटीत पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, म्हणून बाळाला दाखवावयास किंवा माहेरी जावयास पुष्कळ जणी एसटीनेच निघतात. परंतु एसटीच्या दाराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद. दहा ते पंधरा किलोंची दुहेरी गाडी मिटवून, एका हाताने तान्हे सावरून, दुसऱ्या हाताने थोरल्याला ओढीत ती चढविणे एकट्या बाईच्या शक्तीबाहेरचे आहे, आणि कंडक्टर कितीही भला असला तरी गुरुवारच्या बाजाराच्या गर्दीत ती ठेवावयाची कोठे हा प्रश्न उरतोच. उरली मोटारसायकल. ह्या बाबतीत गोड बोलून चालणार नाही. नवरा, बायको, टाकीवर थोरले आणि मांडीवर तान्हे अशी चौघांची स्वारी आपल्या रस्त्यांवर रोज दिसते, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे शिरस्त्राण असावे व वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा केंद्र सरकारचा नियम २०२२ साली निघाला आणि पुढील वर्षी अमलात आला. चालकामागे एकाच माणसाने बसावे हा कायदा तर त्याहून जुना. ज्या घरात दुहेरी बाबागाडीवर दहा-पंधरा हजार खर्चावयाची तयारी आहे, परंतु थोरल्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, त्या घराने खर्चाचा क्रम बदलावा अशी माझी स्पष्ट शिफारस आहे.

आता मुदतीचा हिशेब. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, ही आपली जुनी रीत आज पूर्वीइतकी कडक पाळली जात नसली तरी पुष्कळ घरांत टिकून आहे. त्यामुळे पहिले चाळीस दिवस गाडीच्या उपयोगातून वजा करावेत. थोरले साधारण तीन वर्षांचे झाले, की गावातल्या गावात त्याला बैठक लागत नाही. दोघांत दीड वर्षाचे अंतर असेल तर ह्या दोन टोकांमध्ये सोळा-सतरा महिने उरतात. त्यांतून पावसाळ्याचे चार महिने चिखलामुळे आणि चैत्र-वैशाखातील दुपारी उन्हामुळे वगळल्या, की हाती जेमतेम वर्षभराचा उपयोग राहतो, तोही सकाळ-संध्याकाळचा. अंतर अडीच वर्षांचे असेल तर चार-पाच महिनेसुद्धा उरत नाहीत, आणि तेवढ्यासाठी एवढा खर्च करणे सुज्ञपणाचे नाही. उलट, अंतर वर्ष-सव्वा वर्षाचेच असेल, म्हणजे थोरले स्वतः नुकतेच पाऊल टाकू लागलेले असेल, तर गरज सर्वांत अधिक आणि दीर्घकाळ टिकणारी. आणि जुळी असतील तर हा सारा ऊहापोह सोडून द्यावा, कारण तेथे दोन्ही मुलांचे पाय एकाच दिवशी दमतात.

वजनाचाही विचार असाच करावा. दोन वर्षांचे मूल साधारणपणे अकरा-बारा किलोंचे, चार महिन्यांचे बाळ सहा किलोंच्या आसपास, आणि गाडी दहा-पंधरा किलोंची; म्हणजे ओट्याच्या तीन पायऱ्या आणि दाराचा उंबरठा ह्यांवरून तीस किलोंचा ऐवज रोज चढवावा-उतरवावा लागणार. पोटाची शस्त्रक्रिया होऊन बाळंतपण झाले असेल, तर पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये असे डॉक्टर सांगतात. थोरले मूलसुद्धा त्यात आले. अशा आईला गाडी आणून देण्यापेक्षा सकाळचा एक तास थोरल्याला घेऊन बाहेर जाणारे माणूस दिलेले बरे, आणि ते माणूस बाप असल्यास फारच उत्तम. कडेवर मूल घेऊन चौकातून जाण्याची लाज पुरुषांनी केव्हाच सोडावयास हवी होती. आता ती सुटू लागली आहे, ही ह्या पिढीच्या जमेची बाजू.

तर मग मधला मार्ग कोणता? माझ्या मते ह्या भागातल्या दहांतल्या नऊ घरांना एक हलकी, एकेरी, मिटणारी गाडी आणि एक चांगली झोळी एवढे पुरते. गाडीत थोरले बसेल आणि तान्हे आईच्या छातीशी राहील, किंवा घरातले दुसरे माणूस असल्यास उलट होईल. झोळी म्हणजे मऊ, सुती, न ताणणारे लांब कापड, किंवा दुकानात मिळणारी पट्ट्यांची तयार पिशवी. ती वापरताना जे नियम पाळावयाचे ते जिवाशी निगडित आहेत, म्हणून विस्ताराने सांगतो. बाळ अंगाशी घट्ट असावे, सैल कापडात घसरून त्याचे मुटकुळे होऊ नये. त्याचा चेहरा सदैव दिसत असावा आणि पदराने झाकू नये. मान खाली घातल्यावर आपले ओठ त्याच्या टाळूला सहज टेकावेत इतक्या उंचीवर ते असावे. त्याची हनुवटी छातीला टेकलेली नसावी, मध्ये दोन बोटांची जागा राहावी. लहान बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते, मान पुढे दुमडली की श्वास कोंडतो आणि बाळ रडून तक्रारही करीत नाही. पाठीला आधार असावा, आणि मांड्या फाकलेल्या व गुडघे कुल्ल्यांहून किंचित वर राहावेत, म्हणजे कमरेच्या सांध्यांना इजा पोचत नाही. झोळीत मूल घेऊन चुलीपाशी किंवा शेगडीपाशी उभे राहू नये आणि मोटारसायकलीवर तर मुळीच बसू नये. बाळ दिवसांआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एकेरी गाडीच्या मागे जोडावयाची, थोरल्याने उभे राहावयाची चाकांची एक फळीही मिळते. तिचे मला विशेष कौतुक नाही. ती गुळगुळीत पदपथावर चालते. आपल्या गल्लीतल्या गटाराच्या झाकणावर तिचा पहिलाच धक्का थोरल्याच्या हनुवटीला बसतो. त्यापेक्षा त्याला चालू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मुलाला गाडीत वा खुर्चीत एका वेळी तासाहून अधिक जखडून ठेवू नये आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल करावी, असे म्हटले आहे. गोठा, अंगण आणि शेजारचे ओटे ज्याला मोकळे आहेत अशा मुलाचे हे तीन तास न मोजता भरतात. दुहेरी गाडी आणून ते कमी करण्याची घाई कशाला?

गणित फिरते ते घर पुण्याला किंवा परदेशी असेल तेव्हा. बारामती-इंदापूरकडची कितीतरी मुले-मुली आज हिंजवडीला किंवा थेट इंग्लंड-अमेरिकेत नोकरीस आहेत, आणि दुसऱ्या बाळंतपणासाठी गावाकडची आई वा सासू विमानाने जाते, हा आता घरोघरचा अनुभव झाला आहे. तेथे पदपथ सलग आहेत, लिफ्ट आहे, आणि रोज दोन्ही मुलांना पाळणाघरात पोचवून कामावर जावयाचे आहे. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या साऱ्या अटी एकदम पुऱ्या होतात. मात्र ह्या कुटुंबांकडून एक चूक फार होते. आजी घरात असताना ते ठरवितात की गाडीवाचून आपले छान चालले आहे. आणि पाहुण्याच्या व्हिशावर तेथे राहण्याची मुदत बहुधा सहा महिन्यांची असल्यामुळे, ती संपून आजी परत निघते तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचे, थोरले अद्याप अडनिडे, आणि आईची रजा संपत आलेली, अशा अवस्थेत त्यांना एकाएकी दुहेरी गाडीची धावाधाव करावी लागते. म्हणून परदेशस्थ वाचकांनी निर्णय आजीच्या मुक्कामावरून न करता ती परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यावरून करावा, आणि गाडी ती तेथे असतानाच आणून तिच्या देखत सवय करावी. लंडनच्या बसमध्ये बाबागाडी जेथे उभी करतात त्या जागेवर चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाचा अग्रहक्क असतो आणि वेळप्रसंगी बाबागाडी मिटवावी लागते, हेही तेथील मंडळींनी ध्यानी धरावे. एका हाताने न मिटणारी दुहेरी गाडी अशा वेळी फजिती करते.

सारे पाहून गाडी घ्यावयाचीच ठरली, तर पुढील खातरजमा करून घ्यावी. शेजारी-शेजारी बैठकी असलेली गाडी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असते. ती वळते चांगली आणि दोन्ही मुलांना समोरचे सारखेच दिसते, पण दार आधी मोजावे, नाहीतर ती कायमची ओसरीवर राहते. मागे-पुढे बैठकी असलेली गाडी दारातून जाते, परंतु लांब आणि वळावयास जड, आणि मागच्या मुलाचे पाय पुढच्याच्या पाठीत. तान्ह्याची बैठक पूर्ण आडवी होते की नाही, हे स्वतः हाताने करून पाहावे. स्वतःच्या बळावर बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, बाळाला उताणे निजविणारीच बैठक हवी, आणि पुष्कळ दुहेरी गाड्यांत अशी बैठक एकच असते किंवा एकही नसते. दोन्ही खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा असावा. युरोपात ह्या गाड्यांसाठी ईएन १८८८ हे मानक आहे, त्याचा उल्लेख असल्यास बरे. बिजागऱ्यांकडे बारकाईने पाहावे: २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे बसविण्याची वेळ आली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे त्यांत सापडून तुटली होती. गाडी उघडण्यापूर्वी आणि मिटण्यापूर्वी दोन्ही मुले हाताच्या अंतरापलीकडे असावीत. दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नये. थोरले उतरले की तोल जाऊन गाडी मागे उलथते, आणि तान्हे तिच्यात असते. आणि उन्हाळ्यात ऊन लागते म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे पसरण्याची जी सवय आहे ती मोडावी. आतली हवा कोंडते, उष्णता झपाट्याने वाढते आणि बाळ दिसेनासे होते. सावली करावयाची तर छत्रीने करावी, आणि चाळिशी गाठणाऱ्या उन्हात बाळाला बाहेर काढूच नये.

राहता राहिले थोरल्याचे मन. महिन्यापूर्वी गाडीकडे ढुंकूनही न पाहणारे मूल, धाकटे तीत निजलेले दिसताच, आपल्यालाच बसावयाचे म्हणून जमिनीवर लोळण घेते. हा हट्ट पायांच्या थकव्यातून आलेला नसतो, आणि दुसरी बैठक विकत आणून तो मिटत नाही, कारण मग त्याला नेमकी धाकट्याचीच बैठक हवी असते. अशा वेळी जुनी एकेरी गाडी त्याची म्हणून त्याच्यापाशी राहू द्यावी आणि तान्ह्याला झोळीत घ्यावे. किंवा गाडी ढकलण्याचे काम, अर्थात आपला हात दांड्यावर ठेवून, त्याच्याकडे सोपवावे. पुष्कळ मुले बसण्यापेक्षा ढकलण्यावर अधिक खूश असतात.

विकत घेण्याआधी कोणाकडून मागून आणून दोन आठवडे वापरून पाहता आली तर सर्वांत उत्तम. भावकीत किंवा पुण्याच्या नातलगांकडे माळ्यावर पडून असलेली एखादी गाडी हमखास निघते. अशी वापरलेली गाडी आणल्यास प्रथम ब्रेक लावून उतारावर ढकलून पाहावी, पट्ट्यांची कुलपे दहा-वीसदा लावून-सोडून बघावीत, सांगाड्यात तडा वा वाक नाही ह्याची खात्री करावी, आणि कापड उकळत्या पाण्यात न घालता साध्या साबणाने धुऊन कडकडीत उन्हात वाळवावे. चाकांच्या आसांत अडकलेले केस आणि काथ्याचे धागे सुईने काढून तेलाचा एक थेंब सोडला, की दहा वर्षे माळ्यावर पडलेली गाडीसुद्धा बहुधा चालू लागते.